पोफळीची वीज आणि पोफळीचा रुग्ण

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली उतरते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील जनित्रे फिरविते आणि मग वाशिष्ठीच्या वाटेला लागते, ही गोष्ट महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. १९६२ साली ह्या वीजगृहातून पहिली वीज बाहेर पडली. तेव्हापासून शहरांतील कारखाने, रस्त्यांवरील दिवे आणि रुग्णालये ह्यांना पोफळीचा आधार आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे रक्त शुद्ध करणारी जी यंत्रे आज मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत असतात, त्यांच्या विजेतही पोफळीचा काही वाटा असणारच. परंतु ह्याच पोफळीतील एखाद्या माणसावर डायलिसिसची पाळी आली, तर त्याला आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा गाव सोडावे लागते. चिपळूण गाठावे, डेरवण गाठावे, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जावे, असे हे पर्याय आहेत. नुसत्या चिपळूणचा हिशेब केला तरी आठवड्याच्या दोन खेपांप्रमाणे वर्षाच्या १०४ फेऱ्या आणि चार हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास होतो. हा प्रवास निरोगी माणसाचा नव्हे. चार तास यंत्रास जखडून उठलेल्या, पाय लटपटणाऱ्या माणसाचा आहे.

प्रवासाचे हे कष्ट डोळ्यांना दिसतात; त्यांविषयी लोक बोलतात, पुढारी निवेदने काढतात. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते न दिसणाऱ्या संकटाविषयी.

वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळामास्तरकी केली. त्या काळच्या एका विद्यार्थ्याचे पत्र नुकतेच आमच्या हाती आले. त्याचे वडील कोयना प्रकल्पाच्या कामावर होते. तो स्वतः पोफळीस लहानसे दुकान चालवितो. मधुमेहाने मूत्रपिंडे गेली आणि तीन वर्षांपासून तो डायलिसिसवर आहे. पहिल्या तपासणीत त्याच्या रक्तात कोणताही विषाणू नव्हता. चौदा महिन्यांनी केलेल्या तपासणीत ‘ब’ प्रकारच्या काविळीचा, म्हणजे ज्याला डॉक्टर हिपॅटायटिस बी म्हणतात त्याचा, विषाणू आढळला. ज्या केंद्रात तो जात होता त्या केंद्राने, आमच्यापाशी अशा रुग्णासाठी वेगळे यंत्र नाही, असे सांगून त्याला दुसरीकडे जाण्यास सुचविले. आता तो घाट चढून जातो. पत्रात तो लिहितो, “सर, मशीनने मला जगवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे दुसरं दुखणं मला कुठून लागलं, एवढं तरी कुणी सांगावं की नाही?” केंद्राचे नाव आम्ही देत नाही. बाधा तेथेच झाली हे सिद्ध झालेले नाही. आणि एकाच केंद्राकडे बोट दाखवून ह्या प्रश्नाचे उत्तर मिळणारही नाही. मात्र त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची हे ठरविणे अगत्याचे आहे.

प्रथम हे संकट उद्भवते कसे ते पाहू. डायलिसिसच्या वेळी मिनिटास सुमारे २५० ते ३०० मिलिलिटर रक्त शरीराबाहेर काढून कृत्रिम मूत्रपिंडातून फिरविले जाते आणि परत आत सोडले जाते. चार तासांचा हिशेब फळ्यावर मांडला तर साठ ते सत्तर लिटर होतात. म्हणजे अंगातील पाच लिटर रक्त एका बैठकीत बारा-चौदा वेळा बाहेर येऊन आत जाते. दर बैठकीस दोन जाड सुया टोचाव्या लागतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते, नळ्या जोडाव्या-सोडाव्या लागतात, चिमटे लावावे-काढावे लागतात. आणि हे सारे एका खोलीत, शेजारी शेजारी मांडलेल्या खाटांवर, एकाच वेळी अनेक रुग्णांच्या बाबतीत चाललेले असते. एक पाळी उठते, दुसरी बसते. ज्या खोलीत इतके रक्त इतक्या वेळा हाताळले जाते, तेथे त्याचा एखादा सूक्ष्म थेंब कोठेही न सांडणे हेच आश्चर्य म्हटले पाहिजे.

‘ब’ काविळीचा विषाणू ह्या बाबतीत फार चिवट आहे. वाळलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्ताच्या डागात तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाधित रक्ताची सुई चुकून टोचली तर एचआयव्हीची बाधा होण्याचा संभव हजारांत तीन, ‘क’ काविळीचा शंभरांत सुमारे दोन, आणि ‘ब’ काविळीचा शंभरांत सहापासून तीसपर्यंत असतो. लोक एचआयव्हीला भितात आणि काविळीला फारसे मोजीत नाहीत. भीतीचे हे प्रमाण उलटे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुग्णांस आणि त्यांच्या नातलगांस वाटते की यंत्राच्या आतून रोग येतो. कृत्रिम मूत्रपिंडाच्या धड असलेल्या पडद्यातून हा विषाणू सहसा पलीकडे जात नाही. तो येतो तो यंत्राच्या बाहेरून. यंत्राची कळ दाबणारा हात, रक्तदाब मोजण्याचा पट्टा, खाटांमधून फिरणारी औषधांची गाडी, अनेकांसाठी उघडलेली हेपॅरिनची एकच बाटली, ह्या त्याच्या वाटा आहेत. हातमोजा घातला म्हणजे स्वच्छता झाली असे मानले जाते. परंतु एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना तो बदलला नाही, तर परिचारिकेचे रक्षण होते, रुग्णाचे होत नाही. त्यात आपल्याकडे खर्चाच्या अडचणीमुळे एकच कृत्रिम मूत्रपिंड धुऊन त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरण्याची रीत सर्रास आहे. ते नीट धुतले, नावनिशीवार ठेवले, तर धोका मर्यादित राहतो. चिठ्ठी बदलली की काय होईल हे सांगावयास नको.

हे ज्ञान नवे नाही. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत १९६९-७० साली डायलिसिस विभागात ‘ब’ काविळीची साथ पसरली आणि तीत रुग्णांबरोबर त्यांच्यावर उपचार करणारे कर्मचारीही दगावले. तेव्हा लस नव्हती. बरूच ब्लमबर्ग ह्यांनी ज्या प्रथिनाचा शोध १९६५ च्या सुमारास जाहीर केला, त्यावरून रक्तातील हा विषाणू ओळखण्याची परीक्षा नुकती कोठे हाती येत होती. ब्रिटिश सरकारने रोझेनहाइम ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला आणि प्रत्येक रुग्णाची नियमित तपासणी व बाधितांची वेगळी व्यवस्था हे नियम झाले. अमेरिकेचे आकडे तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १९७४ साली तेथील डायलिसिसच्या रुग्णांत वर्षाला शंभरी ६.२ जणांना ‘ब’ काविळीची नव्याने बाधा होत असे. १९८० साली हे प्रमाण शंभरी एकवर आले. लसीला मान्यता मिळाली ती १९८१ साली. म्हणजे लस येण्याच्या आधीच, केवळ तपासणी, अलगीकरण आणि हात धुणे ह्या साध्या उपायांनी रोग सहापटीने हटला. अद्ययावत यंत्रांच्या उद्घाटनाच्या फिती कापण्यात धन्यता मानणाऱ्या आपल्या मंत्रिमहोदयांनी हा इतिहास एकदा वाचावा.

आणि हे सारे गतकाळाचे आहे असेही कोणी समजू नये. चीनमधील डोंगताय येथे २०१९ साली एका सार्वजनिक रुग्णालयातील ६९ डायलिसिस-रुग्णांना ‘क’ काविळीची बाधा झाली. पाकिस्तानात मुलतानच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात २०२४ साली वीसहून अधिक डायलिसिस-रुग्णांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघडकीस आले. आपल्या शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ साली ‘ब’ काविळीच्या साथीने अनेकांचे बळी घेतले. ते डायलिसिसचे रुग्ण नव्हते, परंतु एकाची सुई दुसऱ्यास वापरण्याचा जो निष्काळजीपणा तेथे दिसला, त्याचा प्रकार हाच होता. ह्या घटना उघडकीस आल्या कारण कोणीतरी मोजले. जेथे कोणी मोजत नाही तेथे काही घडत नाही, असा निष्कर्ष काढणे शहाणपणाचे नाही.

मोजणे येथे विशेष अगत्याचे आहे, कारण डायलिसिसच्या रुग्णात ही कावीळ बहुधा दिसतच नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. थकवा वाटला तर तो मूत्रपिंडाच्या आजाराच्या नावावर खपतो. निरोगी प्रौढाच्या शरीरातून ‘ब’ विषाणू बहुतेक वेळा काही महिन्यांत हद्दपार होतो. प्रतिकारशक्ती मंदावलेल्या ह्या रुग्णांच्या बाबतीत तो कायमचा मुक्काम ठोकण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. पुढे यकृत बिघडते. मूत्रपिंडाचे रोपण करावयाचे म्हटले तर अडचणी वाढतात, कारण रोपणानंतर द्यावी लागणारी औषधे प्रतिकारशक्ती दाबून टाकतात आणि झोपलेला विषाणू जागा होतो. ‘क’ काविळीची आणखी एक खुबी आहे. नेहमीच्या परीक्षेत तपासले जाणारे प्रतिद्रव्य रक्तात उमटण्यास दोन-अडीच महिने लागू शकतात. तोवर रुग्ण कागदावर निर्दोष असतो आणि त्याच्या शेजारची खाट निर्धास्त असते. विषाणूचा अंश थेट शोधणारी महागडी परीक्षा एक-दोन आठवड्यांत उत्तर देते. पण ती सर्वत्र होत नाही.

उपाय नाहीत असे नाही. किंबहुना एवढे उपाय पूर्वी कधी नव्हते. ‘क’ काविळीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला आणि आज तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी साधारणतः बारा आठवड्यांत शंभरातील नव्वदांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. आता ही औषधे डायलिसिसवरील रुग्णांनाही देता येतात. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. २८ जुलै हा ब्लमबर्ग ह्यांचा जन्मदिवस, आणि जगभर तो कावीळ दिन म्हणून पाळला जातो. येत्या २८ तारखेस आपल्याकडेही भाषणे होतील, फलक लागतील. ‘ब’ काविळीला समूळ बरे करणारे औषध नसले तरी तिला आवरणारे आहे, आणि मुख्य म्हणजे तिच्यावर लस आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली ही लस देशातच तयार केल्यापासून तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

मग घोडे अडते कोठे? आमच्या मते ते वेळेवर अडते. मूत्रपिंडाचा विकार वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाचे मूत्रपिंड उतरणीला लागले आहे हे साध्या रक्त-लघवीच्या तपासणीतून डॉक्टरांस आधी कळू शकते. त्याच वेळी लस दिली तर शरीर तिला चांगला प्रतिसाद देते. डायलिसिस सुरू झाल्यावर दिली तर दुप्पट मात्रेच्या चार खेपा देऊनही बऱ्याच रुग्णांत पुरेसे संरक्षण निर्माण होत नाही. निर्माण झाले तरी ते टिकून आहे काय, हे दरवर्षी पाहावे लागते. अर्भकांसाठी ही लस देशभर लागू झाली ती २०११ च्या सुमारास. आज पन्नाशी-साठीत असलेल्या रुग्णांची पिढी तिच्या लाभाबाहेर आहे. पोफळीच्या आमच्या विद्यार्थ्याला मधुमेह होऊन दहा वर्षे झाली होती. त्या दहा वर्षांत तो अनेक दवाखान्यांच्या पायऱ्या चढला. लसीचे नाव त्याने प्रथम ऐकले ते हातात फिस्टुला झाल्यानंतर.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांतून खाजगी भागीदारीने केंद्रे निघाली. जागा, वीज व पाणी रुग्णालयाचे. यंत्रे, माणसे व साहित्य ठेकेदाराचे. आणि गरीब रुग्णाचे पैसे दर बैठकीमागे सरकारने द्यावयाचे, अशी ही योजना आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही डायलिसिसचा खर्च मिळतो. ह्या योजनांनी हजारो गरिबांचे प्राण वाचविले आहेत हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. वीस वर्षांपूर्वी कोकणातील गरीब माणसाला डायलिसिसचे नाव काढणेही परवडत नव्हते. परंतु जेथे मोबदला बैठकींच्या संख्येवर मिळतो, तेथे बैठकी मोजल्या जातात. किती रुग्णांस नव्याने बाधा झाली ह्याचा मोबदल्याशी संबंध जोडलेला नसेल, तर दोन पाळ्यांमधील पंधरा मिनिटे यंत्र पुसण्यात घालवावयाची की पुढच्या रुग्णास लवकर जोडावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर ठेकेदाराचा हिशेबनीस देतो. आम्ही परिचारिकांना दोष देत नाही. एका परिचारिकेने पाच-सहा रुग्ण एकाच वेळी सांभाळावे, त्यांतल्या एकाचा रक्तदाब अकस्मात कोसळावा आणि तिने धावत जावे. त्या क्षणी हातमोजे बदलले काय, असे तिला विचारणाऱ्याने एक दिवस त्या खोलीत उभे राहून पाहावे.

तिसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. बाधा झालेल्या रुग्णाला दाराबाहेर काढण्याची प्रथा आपल्याकडे रूढ होत आहे. ‘ब’ काविळीच्या रुग्णास वेगळी खोली, वेगळे यंत्र आणि वेगळी परिचारिका हवी, हा नियम वैद्यकदृष्ट्या योग्यच आहे. ‘क’ काविळीच्या रुग्णास मात्र इतके अलग ठेवण्याची गरज नसते, काटेकोर स्वच्छता पुरते. परंतु वेगळे यंत्र ठेवणे हे केंद्राचे कर्तव्य आहे, की ते नाही म्हणून रुग्णाने घाट चढावा? एचआयव्ही-बाधितांना उपचार नाकारण्यास मनाई करणारा २०१७ चा कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून अमलात आहे. काविळीच्या रुग्णास तसे खास कायद्याचे कवच नाही. परिणाम असा होतो की रुग्ण आपली बाधा लपवू लागतो. जुना कागद दाखवितो, नवा खिशात ठेवतो. आणि मग त्याच्या शेजाऱ्याला कोण वाचविणार?

कोकणातील रुग्णाच्या बाबतीत हे सारे पावसाळ्यात दुप्पट कठीण होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तो दिवस त्या भागातील कोणीही विसरलेले नाही. ज्याला दोन दिवसांत यंत्रावर बसावयाचे आहे त्याला पूर ओसरेपर्यंत थांबता येत नाही. जेथे खाट मिळेल तेथे, ज्याची ओळखपाळख नाही अशा केंद्रात, मागील कागदपत्रांवाचून त्याला जावे लागते. असा उपरा रुग्ण हा स्वतःस आणि इतरांसही धोका असतो. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२० च्या टाळेबंदीत, घरी बसा असे साऱ्यांना बजावले जात असता हे रुग्ण मात्र दर दोन-तीन दिवसांनी बाहेर पडण्यास बांधलेले होते. एका रुग्णास कोरोना झाला की केंद्र बंद, आणि केंद्र बंद म्हणजे बाकीच्यांची धावाधाव, हा खेळ मुंबईतही झाला. त्यातून काही शिकून राखीव यंत्रांची कायमची तजवीज झाली असती तर बरे होते.

ह्या रुग्णांपैकी काहींची यंत्रापासून सुटका होऊ शकते. पोटाच्या पडद्याच्या साहाय्याने घरच्या घरी करावयाचे डायलिसिस, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा पोटात विशिष्ट द्रव भरून काढून टाकणे, ही पद्धत अनेक वर्षे वापरात आहे. तीत रक्त शरीराबाहेर येत नाही. शेजारची खाट नाही, परक्याचा हात नाही. पोटात जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो, घर स्वच्छ व माणूस शिकविलेला असावा लागतो, द्रवाच्या पिशव्या वेळेवर पोहोचाव्या लागतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ह्या पद्धतीचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश करणारी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. पोफळी, अलोरे, शिरगाव अशा गावांतील निवडक रुग्णांसाठी ती हितकर ठरेल असे आम्हांस वाटते. महिन्याच्या पिशव्या एस.टी.ने किंवा टपालखात्याने पोहोचविणे हे महिन्याला आठ वेळा आजारी माणसाची ने-आण करण्याहून अवघड नाही.

राज्य शासनाकडे आमचे मागणे थोडके आहे. ठेक्यांचे नूतनीकरण करताना प्रत्येक केंद्राने दर सहा महिन्यांस सर्व रुग्णांची तपासणी करावी, किती जणांस नव्याने बाधा झाली हे लेखी कळवावे आणि ते आकडे केंद्राच्या दारावर लावावेत, अशी अट घालावी. मोबदल्याचा काही भाग ह्या आकड्यांशी बांधावा. प्रत्येक जिल्ह्यात बाधित रुग्णांसाठी निदान एका केंद्रात राखीव खोली व यंत्र असल्यावाचून ठेका देऊ नये. अनेकांसाठी उघडलेल्या औषधाच्या बाटल्या खाटांजवळ आणण्यास बंदी असावी. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्या रुग्णाचे मूत्रपिंड उतरू लागले आहे, त्यास ‘ब’ काविळीची लस तेथेच विनामूल्य टोचावी. ह्यातील एकाही गोष्टीस परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

नव्याने बाधा झालेल्यांचे आकडे बाहेर पडले तर लोक घाबरतील, केंद्रांत येणार नाहीत, असा आक्षेप अधिकारी घेतील हे आम्ही जाणून आहोत. पण डायलिसिसच्या रुग्णाला न येण्याचा पर्यायच नसतो. तो येणारच आहे. आपण कोठे बसतो आहोत हे जाणून बसण्याचा त्याचा हक्क आहे. रत्नागिरीच्या जिल्हा शल्यचिकित्सकांनी आपल्या जिल्ह्यातील केंद्रांचे गेल्या दोन वर्षांचे आकडे आमच्याकडे धाडावेत. ते जसेच्या तसे, एकही शब्द न गाळता, आम्ही ह्याच पानावर छापू. आणि त्या अंकाची एक प्रत पोफळीला पाठवू.